विरणाऱ्या कापडावरचें भरतकाम

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कोरेगांव हें स्थानक आहे. सातारा शहराच्या पूर्वेस वसलेलें हें तालुक्याचें गांव. त्याच्या एका अंगास कृष्णेच्या खोऱ्यांतील सुपीक रान आणि दुसऱ्या अंगास खटाव-माणचा कोरडा, मेंढरांचा मुलूख. या पूर्वेकडील मुलखांत सनगर लोक पिढ्यान् पिढ्या घोंगड्या विणीत आले. हातानें काढलेलें लोकरीचें सूत खरखरीत आणि दुबळें. मागाचा ताण त्याला सोसत नाहीं. म्हणून चिंचोक्यांची खळ शिजवावयाची आणि ती कुंच्यानें ताण्याला चोळावयाची, हा त्यांचा परिपाठ. सुती लुगडीं विणणारे साळी व कोष्टी हेंच काम पांजणी या नांवानें करीत. त्यांची खळ पिठाची असे. घोंगडीमध्यें खळ टिकून राहते व तिला ताठपणा देते. सुती लुगड्यांतील खळ मात्र पहिल्या कांहीं धुण्यांतच निघून जाते. सूत विणलें जाईपर्यंत तिनें आधार द्यावयाचा आणि विणून झालें कीं निघून जावयाचें, एवढेंच तिचें काम.

हा कामापुरता आधार वस्त्रकलेंत जागोजाग दिसतो. परंतु त्याची खरी परीक्षा होते ती भरतकामांत. शिवणयंत्रावर भरतकाम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला एक अडचण ठाऊक असते. सुई वेगानें खालींवर होते, दोरा ताणला जातो, आणि कापड पातळ असेल तर नक्षीच्या भोंवतीं चुण्या पडतात. यावर घरगुती उपाय म्हणजे खालीं कागद किंवा जाड कापडाचा तुकडा धरणें व काम झाल्यावर तो फाडून टाकणें. पण फाडतांना टांके ओढले जातात आणि नाजुक नक्षी विस्कटते. मग असा कांहीं आधार मिळेल काय, कीं जो फाडावा लागणार नाहीं, धुवावा लागणार नाहीं, केवळ इस्त्रीच्या उष्णतेनें नाहींसा होईल? असा आधार आज मिळतो. तो कोठून आला हें पाहूं गेल्यास चारशें वर्षांहून अधिक काळ मागें जावें लागतें. आणि त्या वाटेवर केवळ युक्त्या व यंत्रेंच नव्हेत, तर ज्यांच्या हातांनीं तीं चाललीं तीं माणसेंहि भेटतात.

या कथेचा आरंभ इटलींतील व्हेनिस नगरांत होतो. तेथील स्त्रिया तागाच्या पांढऱ्या कापडांतून कांहीं सूत काढून टाकीत आणि उरलेल्या सुतांच्या चौकटीवर काजाचा टांका घालून जाळी भरीत. पुढें पुढें काढलेलें सूत वाढत गेलें आणि राहिलेलें कापड कमी होत गेलें. शेवटीं सोळाव्या शतकांत कोणाच्या तरी मनांत विचार आला, कीं हें कापड हवेंच कशाला? मग चर्मपत्रावर नक्षी रेखाटून त्याच्या मागें कापड जोडण्यांत येऊं लागलें. नक्षीच्या रेषांवर जाड दोरा ठेवून तो बारीक टांक्यांनीं चर्मपत्राला तात्पुरता टांचावयाचा. आणि मग सारें भरकाम त्या दोऱ्यावरच करावयाचें, सुई चर्मपत्रांत मुळींच घालावयाची नाहीं. काम पुरें झालें म्हणजे चर्मपत्र आणि मागचें कापड यांच्यामध्यें कात्री घालून टांचणीचे टांके कापले, कीं नक्षी अलगद सुटून हातीं येई. इटालियन लोकांनीं तिला 'हवेंतील टांका' असें नांव दिलें, आणि तें अगदीं यथार्थ होतें.

या हवेंतील टांक्याची किंमत मोठी होती. फ्रान्सचा चौदावा लुई याचा मंत्री कोल्बेर यानें १६६५ मध्यें सरकारी आश्रयाखालीं लेसचे कारखाने काढले आणि व्हेनिसच्या कुशल स्त्रिया फ्रान्समध्यें आणविल्या, त्याचें कारण हेंच. फ्रेंच सरदारांच्या गळपट्ट्यांपायीं देशाचा पैसा व्हेनिसला जात होता. राजकारण्यांना लेसचें मोल कळलें. परंतु ती विणणाऱ्या बाईच्या डोळ्यांचें मोल कोणी केलें नाहीं. बोटभर रुंद पट्टीला अनेक दिवस लागत. दृष्टि लवकर मंद होई. आणि गळपट्ट्याबरोबर नांव राही तें घालणाऱ्याचें.

एकोणिसाव्या शतकांत यंत्र या क्षेत्रांत उतरलें. १८२८ मध्यें अल्सास प्रांतांतील म्युलूझ गांवच्या जोस्वे हाइलमान यानें भरतकामाचें पहिलें उपयुक्त यंत्र तयार केलें. त्यांतील सुईला दोन्हीं टोंकांस अणी आणि मध्यभागीं नेढें असे. कापड उभ्या चौकटींत ताणलेलें असे. सुयांची रांगच्या रांग एका बाजूनें कापडांत शिरे आणि दुसऱ्या बाजूचे चिमटे ती ओढून घेत. कारागीर सहापट मोठ्या काढलेल्या नक्षीवरून एक दांडा फिरवी, आणि त्याच्या हालचालीप्रमाणें चौकट सहापट कमी अंतरानें सरकून एकाच वेळीं सर्व सुयांखालीं तीच नक्षी उमटे. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन परगण्यांत या यंत्राचा पुष्कळ प्रसार झाला. पण प्रत्येक सुईंतला दोरा आखूड असल्यामुळें तो वारंवार ओवावा लागे. तें काम बहुधा घरांतील मुलें करीत. स्वित्झर्लंडच्या १८७७ च्या कारखाना-कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत काम करण्यास बंदी केली. परंतु शेतकऱ्याच्या घराच्या तळमजल्यावर चालणारें यंत्र त्या कायद्याच्या कक्षेंत येत नव्हतें. शाळेपूर्वीं आणि शाळेनंतर, दिव्याच्या उजेडांत, लहान बोटें सुया ओवीत राहिलीं.

या अडचणीवर तोडगा निघाला तो १८६३ मध्यें. सेंट गालेन परगण्यांतीलच इझाक ग्रोब्ली यानें शिवणयंत्रापासून धडा घेतला. सुईचें नेढें टोंकाजवळ आणलें, समोरचा दोरा सुरळींतून अखंड येऊं दिला, आणि मागच्या बाजूस होडीच्या आकाराचा लहान धोटा बसविला. या लहानशा होडीवरूनच त्या यंत्राला 'शिफ्ली' हें नांव पडलें. १८९८ मध्यें त्याच्याच मुलानें छिद्रें पाडलेल्या पट्टीवरून आपोआप चालणारें शिफ्ली यंत्र सिद्ध केलें. नक्षीवरून दांडा फिरविणारा कारागीरहि मग अनावश्यक झाला.

आतां एक पेंच उभा राहिला. व्हेनिसची बाई चर्मपत्राला न टोंचतां टांका घालूं शकत होती. यंत्राला तें साधत नाहीं. यंत्राची सुई आरपार जाणारच. तिला ताणलेलें कापड पाहिजेच. म्हणजे यंत्रानें भरतकाम कितीहि सुंदर झालें तरी तें कापडाला जखडलेलें असणार, हवेंतील टांका होणार नाहीं. शेंकडों सुयांनीं भरलेल्या दहा वार लांब पट्ट्यांतून कात्रीनें कापड काढीत बसणें तर अशक्यच. यंत्रानें लेस करावयाची असेल तर तळाचें कापड आपण होऊन नाहींसें झालें पाहिजे, असा हा प्रश्न होता. त्याचें उत्तर कात्रीनें दिलें नाहीं, तें रसायनशास्त्रानें दिलें.

रेशीम आणि कापूस हे दोन्ही तंतु दिसावयास सारखे मऊ असले तरी त्यांची जात निराळी आहे. रेशीम हें किड्याच्या शरीरांतून आलेलें, लोकरीप्रमाणें प्रथिनांचें बनलेलें. कापूस हा वनस्पतीचा, सेल्युलोजचा. दाहक सोड्याच्या ऊन पाण्यांत रेशीम विरघळून जातें. कापसाला त्यापासून फारसा धोका नाहीं. आम्लाच्या बाबतींत प्रकार उलट आहे: सौम्य आम्ल आणि उष्णता यांनीं कापूस ठिसूळ होऊन मोडतो, लोकर मात्र तग धरते. एवढा हा भेद ध्यानीं आला आणि मार्ग मोकळा झाला. पातळ रेशमी कापडावर सुती दोऱ्यानें यंत्रानें दाट नक्षी भरावयाची, मग तो सबंध तागा सोड्याच्या किंवा क्लोरीनयुक्त द्रावणांत बुडवावयाचा. रेशीम विरून जाई आणि सुती लेस शिल्लक राही. १८८० नंतरच्या दशकांत सेंट गालेन आणि जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतांतील प्लाउएन या दोन्ही ठिकाणीं ही रीत प्रचारांत आली. जर्मन लोकांनीं या लेसला 'हवेची लेस' असेंहि म्हटलें. तीनशें वर्षांपूर्वींचें व्हेनिसचें नांव अशा रीतीनें कारखान्यांत पुन्हा जन्मास आलें.

१९०० मध्यें पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत प्लाउएनच्या लेसला सर्वोच्च पारितोषिक मिळालें. १९१० च्या सुमारास भरतकाम हा स्वित्झर्लंडचा सर्वांत मोठा निर्यात-व्यवसाय होता आणि जगांतील निम्म्याहून अधिक भरतकाम सेंट गालेनच्या परिसरांत होत असे. ज्या गळपट्ट्यासाठीं सरदारानें मोहरा मोजल्या असत्या, तो आतां दुकानांत काम करणारी मुलगीहि विकत घेऊं लागली. ही गोष्ट लहान नाहीं. परंतु या सुबत्तेची दुसरी बाजूहि होती. कात्रीचें काम कापणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर पडत होतें. दाहक द्रावणांचें काम धुलाईघरांतील मजुराच्या हातांवर आणि छातीवर पडूं लागलें. आणि फॅशनच्या लहरीवर उभा असलेला धंदा पहिल्या महायुद्धानंतर ढांसळला. स्त्रियांचा पोशाख साधा व तोकडा झाला, लेसची मागणी ओसरली. स्वित्झर्लंडमध्यें दोन महायुद्धांच्या दरम्यान शिल्लक यंत्रें मोडींत काढण्यासाठीं सरकारी साहाय्य द्यावें लागलें. प्लाउएनमध्यें बेकारी माजली, आणि १९४५ च्या बॉंबहल्ल्यांत तें शहर बहुतेक उद्ध्वस्त झालें. तेथील लेसचा धंदा आजहि चालतो, पण पूर्वींच्या मानानें फारच लहान प्रमाणावर.

सोडा आणि क्लोरीन यांच्यासाठीं हौद पाहिजेत, वाहतें पाणी पाहिजे, सांडपाण्याची वाट पाहिजे. म्हणून ही विद्या कारखान्याबाहेर येणें कठीण होतें. ती घरांत आणली उष्णतेनें. उष्णतेनें आधार काढून घेण्याची कल्पना भारतीयांना नवी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' या ग्रंथांत धातूची मूर्ति ओतण्याची रीत वर्णिली आहे. मेणाची मूर्ति करून तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, तापवून मेण वाहून जाऊं द्यावयाचें आणि त्या पोकळींत वितळलेला धातु ओतावयाचा. मेण उष्णतेला टिकत नाहीं आणि माती टिकते, एवढ्याच भेदावर ती सबंध कला उभी आहे. भरतकामांत मातीच्या जागीं दोरा आला आणि मेणाच्या जागीं कापड.

हा भेद वस्त्रधंद्यांत प्रथम उपयोगांत आला तो भरतकामासाठीं नव्हे, तर लोकर साफ करण्यासाठीं. माणदेशांतील धनगराला हा प्रश्न चांगला परिचित आहे. मेंढरें रानांत चरतात आणि त्यांच्या लोकरींत कुसळें, गोखरू, काडीकचरा अडकून बसतो. धनगराच्या घरीं तो हातानें वेंचला जातो. युरोपच्या गिरण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत निराळी युक्ति काढली. लोकर सौम्य गंधकाम्लांत भिजवून वाळवावयाची आणि शंभर अंशांहून किंचित् अधिक तापवावयाची. पाणी उडून जातें, आम्ल तीव्र होतें आणि काडीकचऱ्यांतील सेल्युलोज करपून ठिसूळ होतो. मग ती लोकर रुळांतून काढली कीं कचऱ्याचा भुगा होऊन झडून जातो. उरलेलें आम्ल सोड्यानें मारावयाचें. कुसळ जातें, लोकर राहते.

उष्णतेनें नाहींसें होणारें भरतकामाचें कापड याच तत्त्वावर बनलें. पातळ सुती मलमलीला तुरटीच्या कुळांतील एखाद्या क्षाराचा, म्हणजे तापल्यावर आम्लगुण प्रकट करणाऱ्या पदार्थाचा, संस्कार द्यावयाचा. थंड असतांना ती मलमल साधारण ताठ कापडासारखी दिसते व सुईचा मार सोसते. नक्षी पुरी झाल्यावर कोरडी तापलेली इस्त्री तिच्यावर धरली कीं ती पिवळसर, मग तपकिरी होते आणि पापडासारखी चुरते. मऊ कुंचल्यानें भुकटी झटकली म्हणजे काम संपलें. हौद नको, दाहक द्रावण नको, ओलावा नको. जें काम प्लाउएनला धुलाईघरांत होत होतें, तें घरांतल्या मेजावर होऊं शकलें.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें या बदलाचें महत्त्व समजण्यासाठीं येथील शिवणयंत्राचा इतिहास थोडा ध्यानांत घ्यावयास हवा. अमेरिकेंतील सिंगर कंपनीचीं यंत्रें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानांत पसरलीं. मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी मेरवानजी पटेल हे त्या कंपनीचे येथील प्रतिनिधि होते. याच सुमारास पुणें-मिरज लोहमार्ग झाला आणि मुंबई-पुण्याचा माल कोरेगांव, कऱ्हाड, मिरज असा दक्षिणेकडे सहज उतरूं लागला. यंत्र प्रथम शिंप्याच्या दुकानांत आलें. घरांत तें शिरलें तें मागाहून, आणि बहुधा एखाद्या गरजू स्त्रीच्या निर्वाहाचें साधन म्हणून.

यंत्र शिकविण्याचें काम ज्या संस्थांनीं केलें त्यांत पंडिता रमाबाईंचें केडगांव येथील मुक्तिसदन आणि पुण्याचें सेवासदन यांचीं नांवें अग्रभागीं आहेत. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत निराधार झालेल्या मुली व स्त्रिया केडगांवीं आल्या, आणि त्यांना शिक्षणाबरोबर विणकाम-शिवणकामासारखे उद्योग शिकविण्यांत आले. १९०९ मध्यें रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुणें सेवासदन स्थापिलें. पुढें त्याच्या शाखा निघाल्या त्यांत साताराहि होतें. विधवा किंवा परित्यक्ता स्त्री तेथें येई, कांहीं काळ राही, शिवण, शुश्रूषा किंवा अध्यापन शिके आणि स्वतःच्या पायांवर उभी राहून बाहेर पडे. संस्थेचा आधार कायमचा असावा असा चालकांचा हेतु नव्हता; तो काम होईपर्यंत पुरावा आणि मग त्याची गरज राहूं नये, हाच हेतु होता.

पायानें चालविण्याच्या यंत्रावर भरतकाम करण्यासाठीं निराळें यंत्र लागत नाहीं. कापड दाबणारा पाय काढून ठेवावयाचा, कापड पुढें सरकविणारे दांते झांकावयाचे किंवा खालीं घ्यावयाचे, आणि लांकडी कड्यांत ताणलेलें कापड दोन्हीं हातांनीं सुईखालीं फिरवावयाचें. हात जेथें नेईल तेथें टांका पडतो. तालुक्याच्या गांवांतील बाईलाहि हें साधण्यासारखें होतें. तिच्याजवळ जें नव्हतें तें दुसरेंच. कोळशाची इस्त्री किती तापली आहे हें ती पाण्याचा थेंब शिंपडून किंवा अनुभवानें ओळखी. विरणाऱ्या कापडाला एवढी ओळख पुरत नाहीं. उष्णता कमी पडली तर तें जात नाहीं, अधिक झाली तर नक्षीहि करपते, आणि राखेची एक ठिणगी उडाली तरी आठवड्याचें काम फुकट जातें. म्हणून ही रीत घरोघर रुजण्यास केवळ कापड पुरेसें नव्हतें. विजेची आणि ठराविक उष्णता राखणारी इस्त्रीहि यावी लागली. खेड्यापाड्यांत वीज पोंचली ती बहुतांशीं स्वातंत्र्यानंतर, आणि तिच्यामागून ही इस्त्री.

मध्यंतरीं शास्त्र पुढें गेलेंच होतें. कृत्रिम तंतु निघाले आणि ॲसिटेटचें कापड ॲसिटोनमध्यें विरघळतें, तेव्हां तेंहि तळासाठीं वापरण्यांत आलें. १९२४ मध्यें हेर्मान व हेनेल या जर्मन रसायनज्ञांनीं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल तयार केलें, आणि १९३९ मध्यें जपानांत क्योटो येथें साकुरादा, री सुंग-गी व त्यांचे सहकारी यांनीं त्यापासून तंतु काढला. तो मुळांत पाण्यांत विरघळे. अंगावर घालण्याच्या कापडासाठीं हा मोठा दोष, म्हणून तो घालविण्यासाठीं त्यावर पुढील संस्कार करावे लागले. भरतकामाच्या धंद्यानें हाच दोष गुण म्हणून उचलला. असंस्कारित तंतूचें कापड किंवा पातळ पापुद्रा तळाशीं लावला कीं पाण्यांत बुडवतांच तो नाहींसा होतो. सुरतेंत संगणकावर चालणाऱ्या अनेक सुयांच्या यंत्रांवर आज जी लेस होते, तिच्या पुष्कळशा भागाला हाच जलविद्राव्य आधार असतो.

मग उष्णतेच्या रीतीला स्थान उरलें काय? उरलें, कारण सर्वच कापडें भिजवितां येत नाहींत. मखमल भिजली कीं तिची लव बसते. कच्च्या रंगाचें रेशीम डागाळतें. जरीकाम पाण्यापासून जपावें लागतें. अशा ठिकाणीं उष्णतेनें जाणारा आधार उपयोगीं पडतो. आतां त्याचे दोन प्रकार आहेत. एक वर सांगितलेली चुरणारी मलमल. दुसरा प्रकार काचेसारख्या पातळ पापुद्र्याचा. तो उष्णतेनें आक्रसतो, त्याच्या लहान लहान गोळ्या होतात आणि त्या झटकून किंवा पुसून काढतां येतात. टॉवेलच्या फांसांत किंवा मखमलीच्या लवेंत टांके बुडूं नयेत म्हणून हा पापुद्रा वरच्या बाजूसहि घालतात.

दोहोंचे नियम इतिहासांतूनच समजतात. चुरणाऱ्या मलमलीवर वाफेची इस्त्री चालत नाहीं. कारण पाण्याबरोबर तींतील आम्लधर्मी क्षार दोऱ्यांत आणि मूळ कापडांत शिरतो, आणि मग जी गत मलमलीची तीच सुती दोऱ्याची होते. त्याच कारणासाठीं काम झाल्यावर भुकटी साफ झटकावी. ती राहिली तर ओलाव्यानें कापडाला बाधते. सुती दोरा उष्णता सोसतो पण आम्ल सोसत नाहीं. नायलॉन लवकर मऊ पडतो. पॉलिएस्टर त्याहून अधिक तापमानापर्यंत टिकतो. प्लास्टिकच्या पट्टीपासून केलेली खोटी जर मात्र इस्त्रीखालीं सुरकुतते. म्हणून शहाणी कारागीर आधीं त्याच कापडाच्या तुकड्यावर, त्याच दोऱ्यानें चार टांके घालून पाहते. आधार ज्यानें मरतो त्यानें दोरा मरूं नये, हें चारशें वर्षांचें सूत्र तिच्या त्या लहानशा परीक्षेंत असतें.

आणखी एक नियम आहे, तो सर्वांत जुना. तळाचें कापड असतांना सुटे टांकेहि जागेवर राहतात, कारण प्रत्येकाला कापडानें धरलेलें असतें. कापड गेल्यावर ज्या टांक्याचा शेजारच्या टांक्याशीं संबंध नाहीं तो गळून पडतो. म्हणून अशा नक्षींत आधीं उभ्याआडव्या टांक्यांची जाळी घालावी लागते, प्रत्येक पान देंठाशीं आणि प्रत्येक देंठ कडेशीं जोडावा लागतो. व्हेनिसच्या स्त्रिया याच हेतूनें फुलाफुलांमध्यें दोऱ्याचे पूल बांधीत. संगणकावर नक्षी आंखणारालाहि तेच पूल बांधावे लागतात; ते विसरले तर इस्त्री फिरवतांच फुलें मेजावर सुटीं पडतात.

या साऱ्या इतिहासांत कापडाखेरीज आणखीहि कांहीं नाहींसें होत आलें आहे. आंध्रांतील नरसापूरच्या परिसरांत एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांनीं लेसकाम आणलें आणि तें हजारों घरांत पसरलें. तेथील स्त्रियांचा अभ्यास करून मारिया मीस या जर्मन विदुषीनें १९८२ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत दिसून आलें तें असें, कीं ज्यांची लेस परदेशीं जात होती त्या स्त्रियांची गणना कामगारांत होत नव्हती. त्या गृहिणी समजल्या जात, आणि त्यांचें दिवसाचे कित्येक तास चालणारें काम फावल्या वेळचा उद्योग मानलें जाई. मजुरी त्याच हिशेबानें ठरे. सेंट गालेनच्या तळमजल्यांतील मुलांची हकीकत हीच होती. घरांत आलेलें काम दिसेनासें होतें. आणि जें दिसत नाहीं त्याचा भाव कमी लागतो.

म्हणून विरणाऱ्या कापडानें प्लाउएनची विद्या घरापर्यंत आणली, ही आनंदाची गोष्ट असली तरी ती अर्धी गोष्ट आहे. कोरेगांवसारख्या गांवांत जी बाई आज पोलक्याच्या बाहीवर अशी जाळी भरून देते, तिनें सुई चालविली ते तास, तुकड्यावर परीक्षा केली तो वेळ, वायां गेलेलें आधाराचें कापड आणि इस्त्रीची वीज हीं सर्व तिच्या बिलांत आलीं पाहिजेत. नक्षी हातीं घेणाऱ्याला त्यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. लुगड्याची खळ पहिल्या धुण्यांत जाते, हें खरें; परंतु जुन्या विणकरानें आपल्या लुगड्याची किंमत सांगतांना पांजणीचा दिवस कधीं वगळला नाहीं.